वरून तिसरी

जाकीट सुती. निळीत पाचदा बुडवलेलं,
सहाव्यांदा बुडवावं की नाही यावर
रंगारी आणि त्याची बायको दुपारभर भांडली,
तोवर कापड वाळून गेलं.
छातीवर पांढऱ्या गोफाच्या नऊ ओळी,
डावीकडे फासा, उजवीकडे बोंडाएवढी गाठ,
जुन्या घोडेस्वारांच्या अंगावर असायच्या तशा.
आणि खाली, अस्तराच्या आडोशाला,
चेन.

बुडापेस्टच्या दुकानाचं पत्र अगदी स्पष्ट होतं.
चाळीस नग. गोफ केवळ शोभेचा.
फासे गाठींवर शिवून टाकावेत,
नाहीतर गिऱ्हाईक आरशासमोर खोळंबतं.

वेंडेलनं पत्र वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं,
आणि खसखशीच्या वळकटीचा उरलेला तुकडा
त्याच कागदात गुंडाळून ठेवला.

म्हणतात, हा गोफ तलवारीचा वार अडवायचा.
वेंडेल म्हणतो, काही अडवायचा नाही.
हातमोजे न काढता उघडता यायचा, एवढंच.
आत छातीशी पाव ठेवलेला असायचा,
गोठू नये म्हणून.

मी कोसेगला आले तेव्हा मला फक्त शिवणयंत्र यायचं.
पहिल्या दिवशी त्यानं दोरीचे दोन तुकडे पुढे टाकले.
ही निरगाठ. ही सुरगाठ.
निरगाठ कुणालाही येते, म्हणाला,
घाबरलेला माणूस तीच मारतो.
सुरगाठ मारायची तर
समोरच्याला ओढायचं टोक सापडेल
असं धरून चालावं लागतं.
मग त्यानं मला दुकान झाडायला लावलं.

फेब्रुवारीभर आम्ही शिवत होतो.
तो अंगुस्तान घालत नाही,
बोटाचंच अंगुस्तान झालंय.
सुईचं नेढं आता त्याला दिसत नाही,
मी दोरा ओवून सुया उशीत रांगेनं टोचून ठेवते,
तो त्या मोजतो, जणू पगार.
चाळीस गुणिले नऊ. तीनशे साठ फासे,
एकेक गाठीवर दाबून, चार टाके, गाठ, कातर.
रेडिओवर बर्फाच्या बातम्या.

एप्रिलात एक जाकीट परत आलं.
बाहीला लाल चिठ्ठी, दुकानाच्या छापील अक्षरांत:
दोष. वरून तिसरी उघडते.

खिशात ट्रामचं तिकीट होतं,
सूर्यफुलाच्या बियांची दोन टरफलं,
आणि कॉलरला कुणाचातरी वास,
साबणाचा नव्हे, माणसाचा.
म्हणजे ते कुणीतरी घातलं होतं,
कुठल्यातरी थांब्यावर उभं राहून
बोट फाशात घातलं होतं,
आणि ते आत गेलं होतं.

मी वेंडेलकडे बघितलं.
कुठे, दाखव, म्हणाला,
जसं काही त्याला ठाऊकच नव्हतं.
मग खिडकीशी नेऊन
त्यानं ती तिसरी उघडली. लावली. उघडली.
मी मोजत होते. अकरा वेळा.
उरलेल्या एकोणचाळिसांचं मी विचारलं नाही.

दोष आहे, तो म्हणाला. शिवून टाक.
आणि वळकटी आणायला बेकरीत गेला,
सकाळीच आणलेली असताना.

मी सुई घेतली. दोरा पांढरा.
पहिला टाका पक्का घातला, तो उसवला.
बुडापेस्टला पैसे द्यायचेत, घराचं भाडं आहे,
दोष म्हणजे दोष.
पुन्हा ओवलं.
या वेळी कच्चे घातले, लांब लांब,
माप घेताना घालतात तसे,
वरून बघणाऱ्याला सारखेच दिसतील.
एखादा मोठा श्वास घेतला कुणी,
किंवा जोरात हसलं,
तर तटकन.

टोक आतल्या बाजूला सोडलंय.
चिमटीत येईल एवढं.